पदवीची पत : अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक वैद्यक महाविद्यालये

दिवाळीचे वहीपूजन आटोपून आम्ही पेढीवर बसलो असता आमचे एक जुने व्यापारी स्नेही आले. त्यांच्या कन्येच्या विवाहाची बोलणी त्या वेळी चालू होती. स्थळ अमेरिकेतील होते. घराणे परिचयाचे, मुलगा सुस्वभावी, तेथेच शिकून डॉक्टर झालेला. सर्व काही जुळत आले असता एका गोष्टीपाशी घोडे अडले होते. मुलाच्या नावापुढे 'एम. डी.' ही अक्षरे नव्हती, 'डी. ओ.' अशी होती. कोणी तरी त्यांना सांगितले की, ही ऑस्टिओपॅथीची पदवी, म्हणजे हाडे बसविणाऱ्याची. स्नेही आम्हांस म्हणाले, "अण्णा, तुम्ही चार पुस्तके वाचता. हा मुलगा डॉक्टर आहे की हाडवैद्य, एवढे मला सांगा. मुलगी समुद्रापार द्यावयाची, ती मनात किंतु ठेवून कशी देऊ?"

आम्ही त्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जे वाचले व जाणत्यांना विचारून घेतले, त्यावरून आमच्या ध्यानात आले की, हा प्रश्न एका घरापुरता नाही. आपल्या सभासदांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत शिकत आहेत, तेथील डॉक्टरांकडून औषधोपचार घेत आहेत. शिवाय या पदवीच्या इतिहासात आम्हां व्यापाऱ्यांस मनापासून समजेल अशी एक गोष्ट आहे. ती म्हणजे पत. पत कशी मिळते, किती वर्षांनी मिळते आणि मिळालेली पत किती सहज खर्ची पडू शकते, याचा हा धडा आहे. म्हणून तो सभासद बंधुभगिनींपुढे मांडीत आहोत.

एकच नाव, दोन माल

प्रथम घोटाळ्याचे मूळ पाहू. 'ऑस्टिऑन' या ग्रीक शब्दाचा अर्थ हाड. इंग्लंडात व युरोपातील अनेक देशांत ऑस्टिओपॅथ म्हणजे हातांनी सांधे, स्नायू व पाठीचा कणा यांवर उपचार करणारा माणूस. इंग्लंडात १९९३ च्या कायद्याने त्याची नोंदणी होते, त्याचा व्यवसाय प्रतिष्ठित मानला जातो. परंतु तो शस्त्रक्रिया करीत नाही व डॉक्टरांप्रमाणे औषधे लिहून देत नाही.

अमेरिकेतील 'डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन' हा मात्र सर्वार्थाने डॉक्टर होय. प्रथम साधी पदवी, नंतर वैद्यक महाविद्यालयात चार वर्षे, नंतर रुग्णालयात तीन ते सात वर्षांची निवासी उमेदवारी, असा त्याचा मार्ग एम. डी. च्या मार्गासारखाच आहे. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत तो औषधे देतो, शस्त्रक्रिया करतो, बाळंतपणे करतो, हृदयाचे व मेंदूचे विकार हाताळतो. याखेरीज हातांनी करावयाच्या उपचारांचे सुमारे दोनशे तासांचे जादा शिक्षण त्याला घ्यावे लागते. दोन्ही पदव्यांत ठळक फरक असेल तर तो एवढाच.

नाव एक, पण दोन देशांत त्याखाली विकला जाणारा माल निराळा. जो नुसते नाव वाचून सौदा करील तो फसेल. आपल्याकडेही कोणी ऑस्टिओपॅथ म्हणून पाटी लावलेली आढळल्यास, तो कोठे शिकला व कोणत्या वैद्यक परिषदेकडे त्याची नोंद आहे, हे विचारून मगच त्याच्या हाती देह द्यावा.

पाटीपासून पतीपर्यंत

या पदवीचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल. त्याचा जन्म १८२८ साली व्हर्जिनियात झाला. वडील धर्मोपदेशक होते व वैद्यकही करीत. मुलगा त्यांच्याच हाताखाली शिकला. कॅन्सस प्रांतात त्याने वैद्यकी केली, यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने भाग घेतला. १८६४ साली मस्तिष्कज्वराच्या साथीत त्याच्या घरातील तीन मुले दगावली. स्वतः वैद्य असून आणि इतर वैद्यांना बोलावूनही एक मूल वाचविता आले नाही. ही जखम त्याच्या मनातून कधी भरली नाही.

त्या काळची औषधे कोणती होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा संताप कळतो. पाऱ्याचे क्षार, अफू, मद्य, जुलाब, रक्तस्राव यांवर बराचसा कारभार चाले. पुष्कळदा रोगापेक्षा औषधच रोग्याला नेत असे. १८७४ साली स्टिलने जाहीर केले की, शरीर हे एक अखंड यंत्र आहे, त्यात स्वतःला बरे करण्याची शक्ती आहे आणि अस्थी, स्नायू व रक्ताभिसरण यांतील अडथळे हातांनी दूर केले तर पुष्कळ रोग हटतात. ज्या विद्यापीठाच्या उभारणीस त्याच्या कुटुंबाने साह्य केले होते त्याच विद्यापीठाने त्याला आपले मत मांडू दिले नाही. पुढे तो मिझुरी राज्यातील कर्क्सव्हिल या लहान गावी आला आणि १८९२ साली तेथे एका छोट्या लाकडी इमारतीत त्याने आपली शाळा काढली. पहिल्या वर्गात विशीच्या आसपास विद्यार्थी होते व त्यांत स्त्रियाही होत्या. त्या काळी बहुतेक वैद्यक शाळांची दारे स्त्रियांना बंद असत, हे येथे आवर्जून सांगावयास हवे.

रोगी आगगाडीने येऊ लागले, गावात खाणावळी व उतरण्याच्या जागा वाढल्या, दुकानदारांचा धंदा वाढला. व्हर्मांट राज्याने १८९६ साली या वैद्यांना कायद्याने मान्यता दिली, मिझुरीने १८९७ साली. १९०१ साली विख्यात लेखक मार्क ट्वेन याने न्यू यॉर्क राज्याच्या विधिमंडळापुढे त्यांच्या बाजूने साक्ष दिली. परंतु लोकप्रियता निराळी आणि पत निराळी.

स्टिलच्या मतांत सत्य होते तसा अतिरेकही होता. औषधांवरील त्याचा अविश्वास तत्कालीन औषधांपुरता रास्त असला, तरी सर्व रोगांचे मूळ सांध्यांत शोधण्याचा हट्ट शास्त्राच्या कसोटीस उतरणारा नव्हता. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर याने अमेरिकेतील सर्व वैद्यक शाळांची पाहणी करून जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात त्या वेळच्या आठही ऑस्टिओपॅथिक शाळांवर कडक ताशेरे होते. प्रयोगशाळा तुटपुंज्या, रुग्णालये अपुरी, फी मात्र भरपूर. त्या अहवालानंतर अनेक एम. डी. शाळाही बंद पडल्या. अमेरिकेतील होमिओपॅथिक शाळा एकामागून एक मिटल्या किंवा आपले वेगळेपण सोडून बसल्या. ऑस्टिओपॅथी तेवढी आपले नाव राखून उरली.

ती का उरली? स्टिल १९१७ साली वारला. त्याच्या शिष्यांनी गुरूच्या प्रत्येक वाक्याला चिकटून राहण्याऐवजी शास्त्राशी हिशेब जुळवून घेतला. औषधशास्त्र अभ्यासक्रमात आणले, शस्त्रक्रिया शिकविल्या, प्रवेशाच्या अटी वाढविल्या, स्वतःची रुग्णालये बांधली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने त्यांना डॉक्टर म्हणून घेतले नाही. एम. डी. डॉक्टर आघाडीवर गेले आणि गावोगावचे रोगी यांच्याकडे आले. अपमानातून लाभ झाला तो असा. कारण ज्या कुटुंबाने युद्धकाळात यांचा हातगुण पाहिला ते युद्धानंतर यांना सोडून गेले नाही.

तरीही परीक्षा संपली नव्हती. कॅलिफोर्नियात १९६१-६२ साली दोन्ही पंथांच्या संघटनांत एक करार झाला. दोन हजारांहून अधिक डी. ओ. डॉक्टरांनी ६५ डॉलर भरून एम. डी. ची अक्षरे घेतली. त्यांचे महाविद्यालय एम. डी. महाविद्यालय झाले, आणि १९६२ च्या सार्वमताने त्या राज्यात नव्या डी. ओ. स परवाना मिळणे बंद झाले. सत्तर वर्षांची पेढी पासष्ट डॉलरांत लिलावात निघाल्यासारखे हे झाले. देशात अशी महाविद्यालये पाचच उरली. परंतु याच सौद्याने एक गोष्ट सिद्ध केली. परिशिष्टादाखल एक लहानसा अभ्यासक्रम व एक पावती यांच्या बळावर जो कालचा डी. ओ. आजचा एम. डी. होऊ शकतो, तो काल तरी कमी डॉक्टर कसा असेल? १९६६ साली अमेरिकन संरक्षण खात्याने डी. ओ. डॉक्टरांना सैन्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून घेण्यास प्रारंभ केला. १९७४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील बंदी उठविली. आणि २०२० सालापासून दोन्ही पदव्यांच्या निवासी उमेदवारीस एकाच मंडळाची मान्यता लागू झाली. पाटी लावल्यापासून पूर्ण पत मिळेपर्यंत सव्वाशे वर्षे गेली.

जॉप्लिनची कहाणी

आता आजच्या काळात येऊ. मिझुरी राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात जॉप्लिन नावाचे सुमारे पन्नास हजार वस्तीचे गाव आहे. एके काळी शिसे व जस्त यांच्या खाणींवर ते वाढले. २२ मे २०११ रोजी, रविवारी सायंकाळी, त्या गावावरून एक भयंकर चक्रवात गेला. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गावातील एक मोठे रुग्णालय सरळ त्याच्या वाटेत सापडले. ते इतके मोडले की पुढे पाडावेच लागले. रुग्णसेवा प्रथम तंबूंत आणि मग तात्पुरत्या जोडइमारतीत चालली. नवे रुग्णालय २०१५ साली दुसऱ्या जागी उभे राहिले.

मग तात्पुरत्या रुग्णालयाच्या जागेचे काय करावयाचे? गावच्या व्यापारी, उद्योजक व इतर नागरिकांनी वैद्यक महाविद्यालयाची आस धरली. कोट्यवधी डॉलरांचा निधी जमविण्यात आला. कॅन्सस सिटीमध्ये १९१६ पासून चालत असलेल्या एका खाजगी ऑस्टिओपॅथिक विद्यापीठाने त्याच जागी आपली दुसरी शाखा काढण्याचे ठरविले. २०१७ साली ती सुरू झाली; पहिल्या वर्गात दीडशेच्या आसपास विद्यार्थी होते. २०२१ साली त्या वर्गाने पदवी घेतली. २०२३ साली तेथेच दंतवैद्यक महाविद्यालयही सुरू झाले.

ज्या गावाने आपले रुग्णालय डोळ्यांदेखत कोसळताना पाहिले, त्याच गावात दरवर्षी दीडशे तरुण रोग्याची नाडी पाहावयास शिकतात, ही गोष्ट वाचताना आमचे मन भरून आले. गावाला भाडेकरू मिळाले, दुकानांना गिऱ्हाईक मिळाले, हेही खरे. परंतु गावकऱ्यांची खरी आशा अशी की, या मुलांपैकी काही जण आसपासच्या खेड्यांत डॉक्टर म्हणून राहतील.

ही आशा निराधार नाही. आज अमेरिकेतील चाळीसहून अधिक ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांपैकी बहुतेक खाजगी आहेत आणि त्यांतील पुष्कळ अशा भागांत निघाली आहेत, जेथे डॉक्टर जावयास तयार नसतात. केंटकीच्या डोंगराळ कोळसा-प्रदेशात पाइकव्हिल येथे १९९७ साली असेच एक महाविद्यालय निघाले. देशातील वैद्यक विद्यार्थ्यांपैकी चारांत एकाहून अधिक विद्यार्थी आज डी. ओ. महाविद्यालयांत शिकतात. त्यांच्या पदवीधरांपैकी निम्म्याहून अधिक डॉक्टर कुटुंबवैद्यक, सामान्य वैद्यक व बालरोग या प्राथमिक सेवेच्या शाखांत काम करतात. मोठ्या शहरातील तज्ज्ञापर्यंत जो रोगी पोचूच शकत नाही, त्याच्यासाठी हाच डॉक्टर पहिला व पुष्कळदा शेवटचा असतो.

जमेची बाजू व नावेची बाजू

व्यापाऱ्याने केवळ जमेचे पान वाचून वही मिटू नये. नावेच्या पानावरही काही रकमा आहेत.

पहिली रक्कम कर्जाची. या खाजगी महाविद्यालयांची फी फार मोठी आहे. कर्ज काढून शिकणाऱ्या पदवीधराच्या डोक्यावर सामान्यतः दोन लाख डॉलरांहून अधिक बोजा असतो. इतके देणे असलेला तरुण खेड्यातील कमी मिळकतीची जागा पत्करील की शहरातील किफायतशीर शाखेकडे वळेल? खेड्याच्या नावाने उभारलेले महाविद्यालय स्वतःच्याच फीमुळे विद्यार्थ्याला खेड्यापासून दूर लोटू शकते.

दुसरी रक्कम रुग्णालयाची. बहुतेक नव्या महाविद्यालयांचे स्वतःचे मोठे रुग्णालय नसते. पहिली दोन वर्षे वर्गात शिकवून पुढील दोन वर्षे विद्यार्थ्यांना दूरदूरच्या रुग्णालयांत पाठविले जाते. कोठे उत्तम शिक्षक मिळतो, कोठे विद्यार्थी भिंतीला टेकून उभा राहतो. लहान रुग्णालयात शिकलेल्या विद्यार्थ्याला रोग्याच्या अगदी जवळ काम करावयास मिळते हा लाभ आहे. तथापि सगळीकडे सारखा दर्जा राखणे कठीण, हे या महाविद्यालयांचे हितचिंतकही मान्य करतात.

तिसरी रक्कम उमेदवारीच्या जागांची. पदवीनंतरच्या निवासी जागांचा बराचसा खर्च अमेरिकन सरकारची वृद्धांसाठीची विमायोजना उचलते आणि १९९७ साली त्या जागांवर मर्यादा घातली गेली. महाविद्यालये भराभर वाढली, या जागा त्या गतीने वाढल्या नाहीत. अद्याप शेकडा नव्वदांहून अधिक डी. ओ. विद्यार्थ्यांना जागा मिळतात. परंतु शस्त्रक्रियेच्या काही चुरशीच्या शाखांत एम. डी. विद्यार्थ्याचे पारडे अजून जड आहे. डॉक्टर बहुधा जेथे उमेदवारी करतो त्याच भागात स्थायिक होतो. म्हणून खेड्याजवळ महाविद्यालय असून उमेदवारीची जागा नसेल, तर शिकविलेला डॉक्टर दुसऱ्याच गावाच्या उपयोगी पडतो.

चौथी रक्कम नफ्याची. २००८ साली कोलोरॅडोत जे ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय निघाले ते उघडपणे नफ्यासाठी चालणारे होते. फ्लेक्सनरच्या अहवालानंतर अमेरिकेत असे प्रथमच घडले. नफा हे पाप आहे असे आम्ही व्यापाऱ्यांनी म्हणू नये. परंतु विद्यार्थ्याची फी हीच जेथे मुख्य आवक, तेथे विद्यार्थी वाढविण्याचा मोह किती प्रबळ असेल, हे आमच्याइतके कोण जाणतो?

आणि पाचवी रक्कम शास्त्राची. हातांनी करावयाच्या उपचारांचा दावा किती खरा? १९९९ साली अमेरिकेतील एका नामांकित वैद्यक नियतकालिकात कंबरदुखीच्या रोग्यांवरील पाहणी आली. त्यात या उपचाराने नेहमीच्या उपचारांइतकाच आराम पडला व औषधे कमी लागली असे दिसले. २०२१ साली फ्रान्समधील पाहणीत मात्र लटक्या उपचाराच्या तुलनेत मिळालेला लाभ फारच अल्प आढळला. कवटीची हाडे हलवून रोग बरे करण्याच्या दाव्यास तर भरवशाचा पुरावाच नाही. कंबरदुखीत मर्यादित उपयोग, त्यापलीकडे सावधानता, एवढेच आज प्रामाणिकपणे म्हणता येते. डी. ओ. ची पत त्याच्या संपूर्ण वैद्यक शिक्षणावर उभी आहे, हे यावरून अधिकच स्पष्ट होते.

आपल्या माणसांचा हात

या इतिहासात भारतीय हातही आहे. फ्लॉरिडातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. किरण पटेल यांचा जन्म आफ्रिकेतील झांबियात एका गुजराती कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी गुजरातेत घेतले. त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. पल्लवी पटेल यांनी २०१७ साली फ्लॉरिडातील नोव्हा साउथईस्टर्न विद्यापीठास पाच कोटी डॉलरांची देणगी जाहीर केली आणि नव्या आवारासाठी जागा व इमारतीत आणखी पंधरा कोटी डॉलर गुंतविण्याचे ठरविले. त्या विद्यापीठाच्या ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयास आज डॉ. पटेल यांचे नाव आहे. २०२४ साली ऑर्लँडोजवळ त्यांच्याच पुढाकाराने आणखी एक नवे खाजगी ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय सुरू झाले.

आणि एवढ्या दूर तरी का जावे? ज्या १९१६ साली कॅन्सस सिटीचे ते विद्यालय निघाले त्याच साली आपल्या बेळगावात के. एल. ई. संस्था स्थापन झाली. काही ध्येयवादी शिक्षकांचे श्रम आणि दात्यांचे द्रव्य यांवर ती वाढली व १९६३ साली तिने जवाहरलाल नेहरू वैद्यक महाविद्यालय काढले. खाजगी संस्थेने आडबाजूच्या जिल्ह्यात वैद्यक महाविद्यालय काढणे म्हणजे काय, हे या सीमाभागाने स्वतः पाहिले आहे. पुढे त्या संस्थेने स्वतःचे मोठे रुग्णालय उभारले. गोव्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या रोग्यांची वाट तेव्हापासून बेळगावाकडे वळली. महाविद्यालयाच्या पाठीशी रुग्णालय असले म्हणजे पदवीला वजन येते, याचे हे घरचे उदाहरण.

आपल्या परंपरेत आहार, औषध, शास्त्र व अभय अशी चार दाने सांगितली आहेत. वैद्यक महाविद्यालयास दिलेला पैसा हा औषधदान व शास्त्रदान यांचा संगम होय, असे आम्ही मानतो. म्हणूनच देणगीच्या यादीवर आकडा घालण्यापूर्वी दात्याने काही गोष्टी विचाराव्यात. विद्यार्थी कोणत्या रुग्णालयात, कोणत्या खाटेपाशी शिकणार? गरीब घरातील हुशार मुलाला कर्जाच्या विहिरीत न ढकलता शिकविण्याची सोय काय? आणि दहा वर्षांनी येथून निघालेल्या डॉक्टरांपैकी कितीजण या पंचक्रोशीत आढळतील, याची नोंद कोण ठेवणार? इमारतीवर नाव कोरण्याआधी ही उत्तरे मागण्याचा दात्याला अधिकार आहे. आमच्या मते ते त्याचे कर्तव्यच आहे. कॉलेज काढणे एका वर्षाचे काम. त्याची पत मात्र प्रत्येक नव्या वर्गाला फिरून कमवावी लागते.

ठरल्या दिवशी आमचे स्नेही पेढीवर आले. आम्ही त्यांना सांगितले, "मुलगा पुरता डॉक्टर आहे. अक्षरांची चिंता सोडा. विचारावयाचे असेल तर त्याने उमेदवारी कोठे केली, हे विचारा. शिक्षणाचे कर्ज किती उरले आहे, हे विचारा. आणि रोग्यांविषयी तो कसा बोलतो, ते ऐका." त्यांनी आमचे म्हणणे एका चिठ्ठीवर टिपून घेतले व ती कोटाच्या खिशात ठेवली. पुढे फोनवर त्यांनी तिन्ही गोष्टी विचारल्या. मुलाने न संकोचता कर्जाचा आकडा सांगितला. तो कोळशाच्या खाणींजवळील एका लहान गावच्या दवाखान्यात नेमणूक घेणार होता, कारण तेथे काही वर्षे काम केल्यास त्या कर्जाचा काही भाग माफ होणार होता. "आणि तिथे दुसरा डॉक्टर नाही, काका," असे तो म्हणाल्याचे स्नेह्यांनी आम्हांस सांगितले.

विवाह येत्या वैशाखात आहे.